डेंग्यूत बाबांचं कोलेस्टेरॉल उतरलं, मग गोळी बंद करायची का?

डिलाईलरोडकर
२२ सप्टेंबर, रात्री १०:१५

गणपती उठले आणि आमच्या मजल्यावर तापाची रांग लागली. आधी समोरच्या खोलीतला मुलगा, मग त्याची आजी, मग आमचे बाबा. बाबा ६६ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे आणि सात वर्षं रात्री कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली. ती पट्टी मीच लावली होती. मी लालबागमधल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं तंत्रज्ञ आहे. जून ते ऑक्टोबर हेच काम असतं, पण आपल्याच माणसाच्या नावाची नळी हातात धरली की बोटं गार पडतात.

सहा दिवस दवाखान्यात काढून बाबा परवा घरी आले. फाइलमध्ये पाचव्या दिवशीचं लिपिड प्रोफाइल होतं. एकूण कोलेस्टेरॉल ११२, एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) ४२, एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) २२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०. जुलैमधला रिपोर्ट घरात होताच. त्यात एकूण १९२, एलडीएल १२०, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १५५.

बाबांनी टॅक्सीतच दोन आकडे वाचले, १९२ आणि ११२. घरी आल्याआल्या गोळ्यांची पट्टी कपाटात वरच्या फळीवर टाकली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतायत, "सात वर्षं गोळी खाऊन जे झालं नाही ते तापाने आठवड्यात केलं. अंगातलं सगळं वितळून गेलं." काल शेजारचे काका मला दारात थांबवून विचारत होते की काकूंची तीच गोळी आहे, तिचीही बंद करावी का? काकूंना तर डेंग्यू झालेलाही नाही!

डिस्चार्ज कार्डावर गोळी "सध्या थांबवा" असं लिहिलंय, कारण यकृताला झालेली इजा दाखवणारं एसजीपीटी २३८ होतं. सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते निघताना कोणी समजावलं नाही आणि त्या गर्दीत मीही विचारलं नाही. बाबांनी "सध्या" सोडलं आणि "थांबवा" तेवढं धरलं.

मला एवढंच ठामपणे सांगायचंय की हे उतरलेलं कोलेस्टेरॉल सुधारणा नाही, आजाराचीच खूण आहे. लॅबमध्ये हे मी दर पावसाळ्यात बघते. तापाच्या रुग्णाचा रक्ताचा नमुना सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून काढला की खाली लाल गाठ बसते आणि वर सीरम येतं. निरोगी माणसाचं सीरम पातळ मधासारखं पिवळसर आणि आरपार दिसणारं असतं. काही तापकऱ्यांचं मात्र ताकाच्या निवळीसारखं गढूळ येतं. नळी उजेडासमोर धरली तर पलीकडच्या लेबलवरची अक्षरं पुसट दिसतात. तो गढूळपणा ट्रायग्लिसराइडचा असतो. त्याच नळीतलं कोलेस्टेरॉल मात्र कमी निघतं. चरबी वितळून गेली असती तर हे गढूळ कुठून आलं असतं?

इथे डॉक्टर आणि संशोधन करणारी मंडळी आहेत. बाबांना पटेल अशा भाषेत सांगाल का, की हा विषाणू शरीरातल्या चरबीचं नेमकं काय करतो?

---

मुलुंडची_आत्या
२२ सप्टेंबर, रात्री १०:५२

ताई, बाबांना आराम पडो. माझ्या भावाला तीन वर्षांपूर्वी झाला होता तेव्हा पपईच्या पानांचा रस दिला होता, शिवाय बकरीचं दूध. पण मला वाटतं यात एवढं गूढ काही नाही. आठ दिवस माणूस पेजेवर असतो. तोंडाला चव नाही, तेल नाही, तूप नाही. पोटातच गेलं नाही तर रक्तात कुठून येणार? उपासानेही उतरतंच की.

---

डिलाईलरोडकर
२२ सप्टेंबर, रात्री ११:०८

आत्या, खाणं कमी होतं हे खरं, पण तेवढ्याने हिशोब लागत नाही. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून नाही, आपल्या यकृतातून येतं. आणि नुसत्या न खाण्याने उतरलं असतं तर ट्रायग्लिसराइडही उतरायला हवं होतं, ते तर चढलंय. मधुमेहाचा थोडा हात त्यात असेल, तरी जुलैत साखर हीच होती.

---

प्रथिन
२३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

विषाणूशास्त्र हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बाबांना वाचून दाखवा.

डेंग्यूचा विषाणू फार गरीब असतो. त्याच्याकडे आरएनएची साधारण १०,७०० अक्षरांची एक चिठ्ठी असते आणि तीत फक्त १० प्रथिनांची कृती असते. चरबी बनवायचं एकही यंत्र त्यात नाही. तरी विषाणूच्या अंगावर चरबीचं दुपदरी आवरण असतं. हे आवरण तो आपल्या पेशीकडून घेतो, पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या पडद्यांच्या जाळ्यातून. पेशीतली चरबी आणि अनेक प्रथिनं याच जाळ्यात तयार होतात.

विषाणू आत शिरला की त्या पडद्यांना आतल्या बाजूला फुगवून लहान लहान पिशव्या करतो. त्या आडोशाला बसून तो स्वतःच्या प्रती काढतो, म्हणजे पेशीच्या पहारेकऱ्यांना पत्ता लागत नाही. आता इतक्या पिशव्या करायच्या तर पडदा जास्त लागणार, आणि पडदा म्हणजे चरबी. २०१० साली शिकागो विद्यापीठातल्या निकोलस हीटन आणि ग्लेन रँडल यांच्या गटाने दाखवलं की विषाणूचं एनएस३ हे प्रथिन पेशीतल्या फॅटी ॲसिड सिंथेस या एन्झाइमला ओढून नेमकं त्या पिशव्यांपाशी आणतं आणि त्याचं काम वाढवतं. म्हणजे मेदाम्लं बनवणारा कारागीर विषाणू स्वतःच्या दारात आणून बसवतो.

त्याच वर्षी या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या पेशींत चरबीचे साठवलेले थेंब असतात, यकृताच्या पेशींत तर भरपूर. पेशी जुनं सामान मोडीत काढते त्या यंत्रणेला ऑटोफॅजी म्हणतात. डेंग्यूचा विषाणू ही यंत्रणा या थेंबांवर सोडतो. थेंब फुटतात, मेदाम्लं मोकळी होतात, ती मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरांत जळतात आणि त्या ऊर्जेवर विषाणूचा कारखाना चालतो.

त्याआधी २००९ साली अर्जेंटिनात आंद्रेया गमार्निक यांच्या प्रयोगशाळेला उलट चित्र दिसलं होतं. तिथे लागण झालेल्या पेशींत थेंब वाढले होते आणि विषाणूचं कॅप्सिड प्रथिन (त्याच्या आरएनएभोवतीच्या कवचाचं) त्या थेंबांना जाऊन चिकटलं होतं. तो गट वेगळ्या पेशींवर काम करत होता. मला दोन्ही निरीक्षणं महत्त्वाची वाटतात. थेंब वाढोत की घटोत, त्यांवर विषाणूचा हात आहे हे दोन्हीकडे दिसतं.

आता कोलेस्टेरॉल. बाबांची गोळी यकृतातल्या ज्या एन्झाइमला आवरते त्याचं नाव एचएमजी-कोए रिडक्टेस. पेशीत त्यावर एएमपीके नावाचा एक नियंत्रक असतो. डेंग्यूचा विषाणू या नियंत्रकाला दाबतो, त्यामुळे हे एन्झाइम जोरात चालू लागतं आणि कोलेस्टेरॉल विषाणूच्या पिशव्यांपाशी जमतं. म्हणजे रक्ताच्या रिपोर्टात आकडा पडलेला असतो त्याच वेळी लागण झालेल्या पेशीत कोलेस्टेरॉल बनवण्याची घाई चाललेली असते. बाबा म्हणतात "वितळून गेलं". ते वितळलेलं नाही, परक्याच्या कामाला जुंपलं गेलंय.

---

डिलाईलरोडकर
२३ सप्टेंबर, दुपारी १:४०

जेवायच्या सुट्टीत वाचलं, दोनदा. "परक्याच्या कामाला जुंपलं" हे बाबांना रात्री वाचून दाखवणार. ते गिरणीत होते, त्यांना हे नक्की कळेल.

---

डॉ_पार्लेकर
२३ सप्टेंबर, दुपारी ३:१०

प्रथिन यांनी पेशीतलं सांगितलं, मी खाटेवरच्या माणसाचं सांगतो.

रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरणं फक्त डेंग्यूत होत नाही, बहुतेक जोरदार संसर्गांत होतं. शरीरात दाह उसळला की एलडीएल आणि एचडीएल दोन्ही खाली येतात. ट्रायग्लिसराइड चढतं, कारण ते रक्तातून उचलून पेशींना देणारं एन्झाइम दाहाच्या रसायनांमुळे मंदावतं आणि यकृत मात्र आणखी ओतत राहतं. तुमच्या बाबांच्या रिपोर्टात हेच चित्र आहे.

डेंग्यूत यावर आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली, यकृत स्वतःच आजारी पडतं. एसजीओटी आणि एसजीपीटी वाढतात, बहुतेकदा एसजीओटी जास्त. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण बांधायचं काम यकृताचं असल्याने तो पुरवठा घटतो. दुसरी, केशवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातला द्रव बाहेर जातो, त्याबरोबर प्रथिनं आणि काही कणही. निरनिराळ्या देशांतल्या रुग्णांच्या अभ्यासांत वारंवार हेच दिसलंय की ज्यांचा डेंग्यू तीव्र झाला त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल सौम्य डेंग्यूवाल्यांपेक्षा जास्त उतरलेलं होतं. तेव्हा ४२ चा एलडीएल बघून मी डॉक्टर म्हणून खूश होणार नाही.

गोळीबद्दल. एसजीपीटी इतकं वाढलेलं असताना ती काही दिवस थांबवणं योग्यच होतं. दोन-तीन आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करा, आकडा खाली आला की नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून सुरू करा. लिपिड प्रोफाइल मात्र आत्ता करू नका. बरे झाल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या, तोवर जो आकडा येईल तो बाबांचा नसून तापाचा असेल. आणि मधुमेही माणसाला ही गोळी हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या सांभाळायला दिलेली असते. आठवडाभराच्या तापाने ती गरज संपत नाही.

शेजारच्या काकूंनी गोळी अजिबात बंद करू नये. हे आजच सांगा.

---

डिलाईलरोडकर
२३ सप्टेंबर, रात्री ९:२०

डॉक्टर, मनापासून आभार. काकूंना जिन्यातच गाठून सांगितलं.

एनएस१ बद्दल मला थोडं लिहायचंय, कारण ती पट्टी रोज हाताखालून जाते. खाचेत सीरमचे थेंब सोडायचे आणि घड्याळ लावून बसायचं. 'सी'पाशी गुलाबी रेघ येतेच. 'टी'पाशी रेघ उमटते तेव्हा सुरुवातीला ती इतकी फिकी असते की पट्टी तिरकी करून बघावी लागते. ही रेघ म्हणजे एक प्रथिन आहे, एवढंच मला माहीत होतं. मध्यंतरी एका प्रशिक्षणात ऐकलं की हे प्रथिन आपल्याबरोबर चरबीही घेऊन फिरतं. प्रथिन यांनाच विचारते, हे खरं का?

---

प्रथिन
२३ सप्टेंबर, रात्री १०:०५

खरं आहे, आणि डेंग्यूतली ही मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. लागण झालेली पेशी एनएस१ रक्तात सोडते तेव्हा त्याचे सहा तुकडे एकत्र येऊन एक पिंप तयार होतं. २०११ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या गटाने त्याची रचना मांडली. पिंपाच्या मधल्या पोकळीत साधारण ७० चरबीचे रेणू भरलेले असतात. त्यांत ट्रायग्लिसराइड आहे, कोलेस्टेरॉलचे एस्टर आहेत, फॉस्फोलिपिड आहेत. ही भरणी आपल्या एचडीएलच्या कणाशी मिळतीजुळती आहे. म्हणजे विषाणू आपल्याच चरबीच्या वाहनासारखं वाहन करून रक्तात पाठवतो. पुढे असंही दिसलं की हे एनएस१ खऱ्याखुऱ्या एचडीएललाही जाऊन चिकटतं.

२०१५ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की एनएस१ केशवाहिन्यांचं अस्तर सैल करतं. डॉक्टरांनी वर लिहिलेलं झिरपणं त्यातूनही येतं. तुम्ही पट्टीवर जी फिकी रेघ बघता ती या पिंपांची असते.

---

कांजुरकर
२४ सप्टेंबर, सकाळी ९:१२

माफ करा, मध्येच विचारतोय. बायको ३४ वर्षांची. डेंग्यूचा आज पाचवा दिवस. काल रात्रीपासून ताप नाही, त्यामुळे बरं वाटायला लागलंय असं धरून चाललोय. प्लेटलेट ६८,००० आहेत. पण सकाळपासून तीन उलट्या झाल्या, पोट दुखतंय म्हणते आणि फार गळून गेलीय. जेवणातलं तेल-तूप पूर्ण बंद केलंय. विषाणूला चरबी मिळू नये म्हणून अजून काय टाळावं?

---

डॉ_पार्लेकर
२४ सप्टेंबर, सकाळी ९:१९

आत्ता निघा. जेवणाचा विचार बाजूला ठेवा.

ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास हाच डेंग्यूतला सगळ्यात जोखमीचा काळ असतो. पोट सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थ होणं, हिरड्यांतून वा कुठूनही रक्त, ही धोक्याची लक्षणं आहेत. तुम्ही त्यांतली तीन लिहिली आहेत. जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, वाटेत घोटघोट ओआरएस द्या, पॅरासिटामॉलशिवाय कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका. तिथे पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते) विचारा, आधीचा रिपोर्ट सोबत न्या.

---

डिलाईलरोडकर
२४ सप्टेंबर, सकाळी ९:२४

दादा, लगेच निघा. प्लेटलेटकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण त्याच सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या कागदावर पीसीव्ही लिहिलेलं असतं. पहिल्या दिवसाचं आणि आजचं शेजारी शेजारी धरा. ४० चं ४८ झालं असेल तर रक्त घट्ट झालंय, म्हणजे द्रव बाहेर जातोय. पोहोचलात की एक ओळ टाका.

---

मुलुंडची_आत्या
२४ सप्टेंबर, सकाळी ११:४०

देवा, कांजुरकरांचं काही कळलं का?

---

कांजुरकर
२४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०३

दाखल केलंय. पीसीव्ही पहिल्या दिवशी ३७ होतं, आज ४६. सलाइन चालू आहे, दर काही तासांनी रक्त तपासतायत. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. हात थरथरतोय, नंतर लिहितो.

---

पाऊसवेडी
२६ सप्टेंबर, दुपारी १२:३०

कांजुरकर, वहिनींना लवकर बरं वाटो.

एक प्रश्न. विषाणूला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते बनवणारं एन्झाइम स्टॅटिन, म्हणजे बाबांची ती गोळी, आवरते, तर मग स्टॅटिन हेच डेंग्यूचं औषध का नाही? मी तर उलटं म्हणेन की बाबांनी दुप्पट घ्यावी!

---

प्रथिन
२६ सप्टेंबर, रात्री ८:४५

हाच विचार संशोधकांनीही केला. प्रयोगशाळेतल्या पेशींत स्टॅटिनने विषाणूची वाढ मंदावते. म्हणून व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीत डेंग्यूच्या ३०० प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना लोव्हास्टॅटिन दिलं, काहींना नुसती दिसायला सारखी गोळी. निकाल २०१६ मध्ये छापून आला. औषध सुरक्षित ठरलं, पण आजार सौम्य झाला नाही आणि रक्तातला विषाणूही लवकर घटला नाही.

मला यात आश्चर्य वाटत नाही. माणूस दवाखान्यात पोहोचतो तोवर विषाणूने चरबीचा व्यवहार ताब्यात घेऊन दोन-तीन दिवस झालेले असतात. शिवाय पेशीकडे कोलेस्टेरॉल मिळवायचे दोन मार्ग आहेत, स्वतः बनवणं किंवा रक्तातून एलडीएल उचलणं. एक दार अडवलं तर ती दुसऱ्याकडे वळते. त्यामुळे स्टॅटिन दुप्पट करू नका आणि डेंग्यूवरचा उपाय म्हणूनही घेऊ नका.

कांजुरकर यांच्या मनात आलं होतं तसं तेल-तूप बंद करूनही विषाणू उपाशी राहत नाही, कारण तो पेशीत आधीच साठवलेल्या चरबीवर आणि पेशीकडून नव्याने करवून घेतलेल्या चरबीवर जगतो. मळमळ असते तेव्हा तेलकट नको वाटतं, तेवढ्यापुरतं टाळावं. भूक परतली की वरणभातावर नेहमीसारखं तूप घ्यायला काहीच हरकत नाही.

---

शिवडी_बंदर
२७ सप्टेंबर, सकाळी ८:१०

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, वजन ५८ किलो. अंगात चरबी जास्त असेल तर डेंग्यू जास्त त्रास देतो का? शाळेच्या मागे इमारत पाडलीय, तिथे पाणी साचलंय, म्हणून जीव घाबरतो.

---

डॉ_पार्लेकर
२७ सप्टेंबर, दुपारी २:००

स्थूल मुलांत डेंग्यू तीव्र होण्याचं प्रमाण जास्त आढळलंय, हे अनेक अभ्यास एकत्र करून बघितल्यावरही दिसलंय. अंगात चरबी जास्त असते तिथे आधीपासून मंद दाह चालू असतो आणि केशवाहिन्यांचं अस्तरही कमजोर असतं. याचा अर्थ त्याला काही होणारच असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की ताप आला तर "बघू दोन दिवस" असं न करता पहिल्याच दिवशी दाखवा आणि ताप उतरल्यावर जास्त लक्ष ठेवा. सलाइनचं प्रमाण ठरवताना अशा मुलांचं प्रत्यक्ष वजन न धरता उंचीप्रमाणे योग्य वजन धरतात, तेव्हा दाखल करायची वेळ आली तर उंचीही सांगा.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. ताप आठवड्यापलीकडे रेंगाळला, प्लीहा वाढली, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट सगळंच पडायला लागलं आणि उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड २६५ च्या वर, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) ५०० च्या कितीतरी वर गेलं, तर आम्ही एचएलएच या गुंतागुंतीचा विचार करतो. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था बेफाम होते आणि आपल्याच रक्तपेशी खाऊ लागते. हे क्वचित होतं, पण तिथे ट्रायग्लिसराइडचा आकडा जीव वाचवायला मदत करतो.

---

पाऊसवेडी
२७ सप्टेंबर, रात्री ९:५०

चिकनगुनियातही हेच का? माझ्या आईचे सांधे चार महिने धरलेत.

---

प्रथिन
२८ सप्टेंबर, सकाळी ७:१५

तो वेगळ्या कुळातला विषाणू आहे. पेशीत शिरताना त्याला पडद्यात कोलेस्टेरॉल लागतं, प्रती मात्र तो पेशीच्या बाहेरच्या पडद्यालगत काढतो. सांध्यांच्या दुखण्याचं मूळ रेंगाळणाऱ्या दाहात आहे, चरबीत नाही. आईंना संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, चार महिने म्हणजे थांबायची वेळ गेली.

डासाबद्दल मात्र सांगायलाच हवं. कुठल्याही कीटकाला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही. अळी ते पाण्यातल्या खाद्यातून मिळवते आणि मादीला ते आपल्या रक्तातून मिळतं. म्हणजे एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या शरीरात कोलेस्टेरॉल मोजकंच असतं आणि त्यावर विषाणूही टपलेला असतो. वोल्बाकिया नावाचा जिवाणू अनेक कीटकांच्या पेशींत राहतो, एडिस इजिप्तीत तो मुळात नसतो. फळमाशीतला वोल्बाकिया संशोधकांनी या डासांत सोडला, तेव्हा त्यांच्या अंगात डेंग्यूचा विषाणू नीट वाढेना. त्यामागच्या कारणांपैकी एक असं की हा जिवाणूही कोलेस्टेरॉल बनवू शकत नाही, तोही डासाच्या साठ्यातूनच घेतो. एका ताटावर दोघे बसले की विषाणूच्या वाट्याला कमी येतं. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात असे डास सोडले, तिथे डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. हा निकाल २०२१ चा. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुदुच्चेरीतल्या केंद्राने वोल्बाकिया असलेले एडिस डास तयार केलेले आहेत.

---

कांजुरकर
२९ सप्टेंबर, रात्री ८:३०

आज घरी आणलं. पीसीव्ही ३८ वर आलंय, प्लेटलेट १,१०,००० आणि चढतायत. एक सांगायचंय. प्लेटलेटची पिशवी चढवावी लागली नाही. मी मात्र पहिल्या दिवसापासून रक्तदाते गोळा करत फिरत होतो. २४ तारखेला सकाळी मी तिला पेज करून झोपवणार होतो, ताप गेला म्हणून. तुम्ही दोघांनी नऊ वाजून वीस मिनिटांनी जे लिहिलंत ते मी विसरणार नाही.

---

मुलुंडची_आत्या
२९ सप्टेंबर, रात्री ८:४१

डोळ्यांत पाणी आलं हो. पपईच्या रसाचं मी लिहिलं होतं, पण कोणी त्यावर विसंबून घरी बसू नका. माझ्या भावालाही शेवटी सलाइननेच उठवलं होतं.

---

डिलाईलरोडकर
५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

रविवारी चाळीतल्या चौघी मिळून गच्चीवर गेलो. ताडपत्रीच्या घड्यांत पाणी होतं. वाकून बघितलं तर अळ्या, शेपटी वर आणि डोकं खाली. सावली पडली की सगळ्या एकदम तळाला जातात. कुंड्यांखालच्या ताटल्या, तुटकी बादली, एसीच्या पाइपाखालचा डबा, सगळीकडे तेच. पाणी जमिनीवर ओतलं आणि ताटल्यांच्या कडा काथ्याने घासल्या, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे दादा आले होते, त्यांनी पाण्याच्या टाकीचं झाकण दाखवलं. ते एका बाजूने उचललेलं होतं, बरोबर आमच्या मजल्याच्या वर.

बाबांचं एसजीपीटी काल ५२ आलं. आमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करायला सांगितली. बाबांचं म्हणणं, आधी लिपिड करू, कमीच असेल तर कशाला घ्यायची? मी "तो आकडा बाबांचा नसून तापाचा असेल" हे वाक्य मोठ्याने वाचलं. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "संपाच्या वर्षी गिरणीचा विजेचा आकडाही कमीच आला असेल. त्यावरून कोणी म्हणेल का, गिरणी सुधारली?"

रात्री पट्टी त्यांनी स्वतःच खाली काढली.

---

डिलाईलरोडकर
३० नोव्हेंबर, रात्री ९:१०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून कळवते. काल सकाळी उपाशीपोटी बाबांचं लिपिड केलं. रक्त मीच काढलं, नळी मीच फिरवली. सीरम आरपार होतं, पलीकडची अक्षरं स्वच्छ वाचता आली. एकूण १८४, एलडीएल ११४, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५०. गोळी आठ आठवडे चालू असताना हा आकडा आलाय, जवळजवळ जुलैसारखाच. एलडीएल अजून हवा तेवढा नाही, म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली आहे.

बाबांनी तिन्ही रिपोर्ट एकाखाली एक लावून फाइलमध्ये ठेवलेत आणि मधल्या रिपोर्टावर निळ्या पेनाने "ताप" असं लिहिलंय.